कौतुक रात्रपाळीलाही पोचावे

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा १८२० मधला जन्मदिवस. अमेरिकेत ६ ते १२ मे हा सगळा आठवडाच परिचारिकांसाठी असतो. कराडातही असा आठवडा व्हावा आणि त्यात दवाखान्यातला प्रत्येक हात यावा, असे आम्हांला मनापासून वाटते. वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, कृष्णा हॉस्पिटल आणि तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर साताऱ्यासोबत सांगली जिल्ह्यातलेही रुग्ण विसंबून असतात.

२२ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या साथीत, आपण आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी थाळ्या वाजवल्या. आता नियोजन हवे. सत्कार सकाळी अकराला ठेवला, की रात्रपाळी करून घरी गेलेल्या सिस्टर त्याला मुकतात. लादी पुसणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा, रुग्णवाहिकेचे चालक आणि आशाताई तर यादीतच नसतात. म्हणून आधी त्यांनाच विचारा, काय हवे? बहुधा शाल-श्रीफळ नव्हे, तर वेळेवर पगार, ठरलेली सुट्टी, पाठ टेकायला स्वच्छ खोली आणि रात्री दोनला गरम चहा मिळावा, असेच उत्तर येईल. व्यवस्थापनाने यातली निदान एक गोष्ट त्या आठवड्यात सुरू करावी आणि वर्षभर टिकवावी. नातेवाइकांनीही वॉर्डात आवाज चढवू नये.