खपली

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांची वाण पडावी, ही गंमतच! गेल्या श्रावणात मला ती पडली. अकोल्यास दुर्बिणीने मोठे आतडे तपासताना डॉक्टरांनी आतला एक मांसांकुर (त्यांच्या भाषेत पॉलिप) काढला. मी खामगावला परतलो, कॉलेजात तासही घेऊ लागलो. आठव्या दिवशी पहाटे शौचास गेलो, तो लालभडक रक्त! सौ.ला सांगायला जीभ रेटेना. दुपारी घेरी येऊन पडलो, तेव्हा बोललो. पुन्हा अकोला. दुर्बिणीतूनच जखमेवर चिमटा बसवला, रक्त थांबले.

"आतली खपली सुटली, की दोन आठवड्यांपर्यंतही असे होऊ शकते. क्वचितच, पण होते," डॉक्टर म्हणाले. "आणि रक्त दिसताच निघायचे असते. कागद दिला होता ना?"

दिला होता. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या काढल्या होत्या!