शोरूमवाला म्हणतो 'सिरॅमिक करूनच घ्या', पण लातूर-नांदेडच्या उन्हात आणि बोअरच्या पाण्यात ते पैसे वसूल होतात का?

शोरूममध्ये गाडी फायनल झालीय. पेढ्यांचा बॉक्स आणलाय, हार सांगून ठेवलाय, आजी मागच्या सीटवर बसून एसीची हवा घेतेय. तेवढ्यात सेल्सवाला कागद पुढं सरकवतो. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स आणि सगळ्यात खाली एक ओळ, 'पेंट प्रोटेक्शन पॅकेज, ३०,०००'.

हे काय म्हणून विचारलं की उत्तर तयार असतं. "सर, आपल्याकडचं ऊन बघताय ना? दोन वर्षांत कलर उडतो. सगळेच करून घेतात."

सात-आठ लाखांच्या कागदावर तीस हजार किरकोळ वाटतात, त्यात सगळं घर सोबत असतं. मग आपण मान हलवतो.

आता हेच तीस हजार लातूरच्या मोंढ्यातल्या भाषेत मोजून बघा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव आहे क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे गाडीवरच्या त्या न दिसणाऱ्या थराची किंमत झाली साडेपाच क्विंटलच्या वर सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर. ज्या हंगामात ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं लातूर-नांदेडमधलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, त्याच हंगामात गाड्यांची खरेदीही जोरात झाली, हाही आपल्या भागाचा एक चमत्कारच.

ती खरेदी वाढली त्याला कारण होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमकं घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता, तो सरळ १८ टक्क्यांवर आला. कराआधीची किंमत सहा लाख असेल तर गाडी ७ लाख ७४ हजारांवरून ७ लाख ८ हजारांवर येते. म्हणजे ६६ हजार वाचले.

हे ६६ हजार वाचलेत हे जसं तुम्हाला माहितीय, तसं ते समोरच्यालाही माहितीय. म्हणून 'सर, टॅक्समध्ये एवढे वाचलेत, त्यातून गाडी सुरक्षित करून घ्या' असा सूर लागतो.

पण गाडीवर नेमकं लावतात काय?

गाडीच्या पत्र्यावर कंपनीतच तीन-चार थर बसवलेले असतात. गंज लागू नये म्हणून पहिला थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३० ते ५० मायक्रॉनचा. ऊन सोसायचं काम त्याचंच आहे आणि त्यासाठी लागणारी रसायनं त्यात आधीच घातलेली असतात. त्यामुळं 'कोटिंग नाही केलं तर दोन वर्षांत कलर उडतो' हे वाक्य ऐकलं की पार्किंगमधल्या सात-आठ वर्षं जुन्या, काहीच न केलेल्या गाड्या एकदा बघून यायच्या. बहुतेकांचा रंग जागेवर असतो. त्यावर असतात ते ओरखडे. पुढं येतोच त्यावर.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकाच्या कुळातलं एक द्रव रसायन. ते पुसून लावतात, ते क्लिअर कोटला चिकटून कडक होतं. त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन, बऱ्याचदा त्याहून कमी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्या पातळ थरानं काही कामं खरंच होतात. पाणी थेंब होऊन ओघळतं, चिखल आणि पक्ष्यांची घाण लवकर सुटते, चकाकी खोल दिसते, धुण्याचा वेळ वाचतो. खडा लागून टवका उडायचा थांबत नाही. कुणी बाइकचं हँडल घासून गेलं तर तेही थांबत नाही.

मग ते '९एच हार्डनेस' काय असतं? इथं मोठी गंमत आहे. लोकांना वाटतं हिरा १० आणि हे ९, म्हणजे जवळपास हिरा. पण हिऱ्याचं माप वेगळं, ते खनिजांचं. ९एच म्हणजे पेन्सिलीचं माप. शाळेत एचबी आणि २एच पेन्सिल वापरली असेल, त्याच ओळीतली ही ९एच. थरावर ती पेन्सिल घासली आणि ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते पेन्सिलीपेक्षा कितीतरी कडक.

रीलमध्ये बोनेटवर लायटर पेटवून आणि मार्कर पेननं रेघ मारून दाखवतात, त्याचंही असंच. दोन सेकंदांची ज्योत कंपनीचा साधा क्लिअर कोटही सहन करतो.

पीपीएफ हा वेगळा प्रकार. ही प्लास्टिकची जाड पारदर्शक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉनची. मोबाइलच्या स्क्रीनगार्डसारखं समजा. खडा लागला तर मार फिल्म खाते आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेनं आपोआप भरून येतात. हे संरक्षण खरं आहे. पण किंमतही तशीच. सिरॅमिक साधारण दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत जातं, तर पूर्ण गाडीचं पीपीएफ साठ हजारांपासून दोन लाखांपर्यंत.

आता आपल्या मुख्य मुद्द्यावर येऊ, पाणी

सिरॅमिकची सगळी जाहिरात पाण्यावर उभी आहे. पाणी पडतं, मोत्यासारखे थेंब होतात, घाण घेऊन घरंगळतात. मुंबई-कोकणातल्या पावसात हे छान चालतं. पण आपला भाग कोणता? ज्या लातूरला १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी आणावं लागलं, तो. इथं वर्षातले कितीतरी महिने गाडीवर पाणी पडतच नाही, फक्त धूळ पडते. कोरडी धूळ कोटिंग केलेल्या गाडीवरही तितकीच बसते.

गाडी धुवायची तर बोअर. बोअरचं पाणी जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरे साचतात, ते आपण रोज बघतो. कोटिंग केलेल्या गाडीवर हे पाणी थेंब-थेंब होऊन उभं राहतं. नांदेडचं मे महिन्यातलं ४० च्या वरचं ऊन तो थेंब काही मिनिटांत आटवतं आणि मागं क्षारांची गोल कडी राहते. साध्या रंगावर पाणी पसरून वाळतं, त्यामुळं डाग पसरट आणि फिकट असतो. कोटिंगवर तो एका जागी दाटतो. वेळेवर काढला नाही तर कोटिंगमध्येच बसतो आणि मग तो घालवायला पॉलिश करावं लागतं. पॉलिशनं काय निघतं? डागासोबत कोटिंगही निघतं.

म्हणजे बोअरचं पाणी मारून गाडी उन्हात तशीच वाळू देणार असाल, तर तीस हजार देऊन तुम्ही डागांची सोय जास्त चांगली केली, असं म्हणावं लागेल.

दुसरा शत्रू म्हणजे फडकं. आमच्याच घरचं सांगते. वडिलांची पांढरी गाडी, वॉचमनकाका रोज सकाळी सहाला कोरडं फडकं मारायचे. प्रेमानं करायचे, त्यांना काय बोलणार? पण धुळीवर कोरडं फडकं म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. चार वर्षांनी पेट्रोल पंपाच्या लाइटखाली बघितलं तर बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे. पांढऱ्या गाडीवर ते दिवसा दिसत नाहीत म्हणून चाललं. काळी गाडी असती तर दुसऱ्या महिन्यातच कळलं असतं. आणि हे कोटिंगनं थांबलं असतं का? थोडं उशिरा झालं असतं, एवढंच.

त्यामुळं खर्चाचा क्रम आधी सवयीचा लावायचा. दोन-तीन चांगली मायक्रोफायबरची फडकी, कार शॅम्पू, दोन बादल्या आणि तीन-चार महिन्यांतून एकदा मारायचा वॅक्सचा स्प्रे. वर्षाचा खर्च दोन-तीन हजारांत बसतो. पाण्याची ओरड असेल तर 'रिन्सलेस वॉश' नावाचं द्रव मिळतं. ते एका बादलीत टाकून त्यात भिजवलेल्या फडक्यानं अख्खी गाडी स्वच्छ होते, पाइपनं धुताना शे-दोनशे लिटर सहज जातात ते वाचतात. गाडीवर मातीचा जाड थर असेल तर मात्र आधी पाणी मारावंच लागतं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा, असा सल्ला सगळीकडं फिरतो. फरशी पुसायला ते ठीक आहे. गाडीला नको, कारण बोअरमधले क्षार त्यात आणखी घट्ट होऊन आलेले असतात. त्यापेक्षा एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी साठवा. त्यात क्षार जवळपास नसतात, शेवटचा हात फिरवायला ते उत्तम.

मग कुणीच करू नये का?

असं नाही. काळी किंवा गडद रंगाची नवी गाडी आहे, सावलीत लावायची सोय आहे, धुण्याची पद्धत नीट आहे, चार-पाच वर्षं ठेवायचीय आणि चमक बघून आनंद होतो, तर सिरॅमिक करा. पण ते हौस म्हणून करा, गुंतवणूक म्हणून नको. एमएच २४ असो की एमएच २६, जुन्या गाडीचा भाव मॉडेल, किलोमीटर, कितवा मालक आणि ठोकलीय का यावर ठरतो. कोटिंगचं कार्ड दाखवलं म्हणून भाव वाढत नाही.

नांदेड-लातूर रस्त्यावर ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे, त्यांचं गणित वेगळं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाताना पुढं खडीचा टिप्पर असतो, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. बंपर आणि बोनेटच्या पुढच्या कडेला खड्यांचे टवके पडतात. तिथं सिरॅमिकचा उपयोग शून्य, पीपीएफचा भरपूर. पण पूर्ण गाडीला फिल्म लावायची गरज नसते. पुढचा बंपर, बोनेट, आरशांच्या पाठी आणि दाराच्या कडा एवढंच केलं तर खर्च बराच खाली येतो. सव्वा लाखाचं पूर्ण पीपीएफ आठ लाखांच्या गाडीवर करणं मला तरी पटत नाही. एक टवका उडाला तर तो पार्ट पुन्हा रंगवायला काही हजार लागतात, सव्वा लाख नाही.

वॉरंटीचा कागद वाचल्याशिवाय मात्र पैसे देऊ नका. 'पाच वर्षांची वॉरंटी' याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो, की दरवर्षी त्यांच्याकडंच पैसे भरून मेंटेनन्स करायचा, एखादं वर्ष चुकलं की वॉरंटी संपली. पाण्याचे डाग, पक्ष्यांची घाण, ओरखडे हे अनेकदा वॉरंटीतून वगळलेलंच असतं. मग उरलं काय? गाडी ठोकली आणि दार नव्यानं रंगवलं तर त्या दारावरचं कोटिंगही गेलं, आणि विम्यात ते वेगळं नोंदवलेलं नसेल तर त्याचे पैसे मिळणं अवघड.

काम कुठं आणि किती वेळात होणार, हेही विचारा. नीट काम म्हणजे गाडी धुणं, चिकटलेले कण काढणं, गरज असेल तर पॉलिश, मग बंद आणि धूळ नसलेल्या जागेत कोटिंग, आणि ते वाळायला किमान एक दिवस. पुढं आठवडाभर धुवायचं नाही. 'सर, दोन तासांत वॉशिंग बेमध्येच करून देतो' असं कुणी म्हणत असेल, तर ते जे काही लावणार आहेत त्याला तीस हजार द्यायची गरज नाही. गाडीची चमक बघून भुलायचंही कारण नाही, ती चमक बरीचशी आधीच्या पॉलिशची असते.

हे पैसे लोनमध्ये घुसवले जातात का, तेही बघा. तीस हजार साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षं फेडले तर होतात साधारण ४१ हजार. कोटिंग त्याआधीच संपलेलं असतं, हप्ता चालू असतो.

आणि सेल्सवाला म्हणाला, की पॅकेज घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही किंवा डिलिव्हरी लांबेल, तर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार एक वस्तू देण्यासाठी दुसरी घ्यायची सक्ती करणं ही 'रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिस' ठरते. 'हे लेखी द्या' म्हटलं की बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. नाही संपला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे, लातूरलाही आणि नांदेडलाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. गाडी त्याहून महाग असेल तरी फी फार नसते. फक्त कोटेशनचा तो कागद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका.