पावती दिसते, सेवा दिसत नाही

भंडारा जिल्ह्यातील लहानशा ग्रामपंचायतीचा जमाखर्च उघडला, तर गेल्या दशकात एक रक्कम पुन:पुन्हा खर्ची पडलेली आढळते : दरमहा १२ हजार ३३१ रुपये. हा खर्च रस्त्याचा, गटाराचा वा नळयोजनेचा नव्हे. तो ‘आपले सरकार सेवा केंद्रा’तील संगणक परिचालक व अनुषंगिक सेवांचा. सरकारी हिशेबात रक्कम किरकोळ वाटते. परंतु वर्षाअखेर ती एका केंद्रामागे १ लाख ४७ हजार ९७२ रुपये होते, तर शंभर केंद्रांमागे सुमारे १ कोटी ४८ लाख रुपये. सात तालुके आणि पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींच्या या जिल्ह्यात अशा खर्चावर नजर कोणाची, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरत नाही.

राज्यातील ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाला २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पाने वेग दिला. तो २०१५ अखेर संपल्यानंतर २०१६ मध्ये ‘आपले सरकार सेवा केंद्र’ योजना आली आणि काम सीएससी ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस इंडिया या कंपनीकडे सोपविण्यात आले. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर १० हजार ४५० रुपये व त्यावर १८ टक्के कर, असा केंद्राचा मासिक दर झाला. परिचालकाच्या हाती मात्र दीर्घकाळ सहा ते सात हजार रुपयेच पडत राहिले. थकीत मानधनासाठी परिचालकांना वारंवार आंदोलने करावी लागली. उर्वरित रकमेत कागद, शाई, दुरुस्ती, प्रशिक्षण, आज्ञावली व व्यवस्थापन यांचा खर्च भागविणे अपेक्षित होते. त्यातील किती सेवा आपल्या गावात पोहोचली, हे ठरविण्याचे साधन सरपंचाकडे नव्हते.

दोषाचे मूळ व्यवस्थेच्या रचनेत आहे. करार राज्य पातळीवर झाला, दर तेथेच ठरला. पैसा मात्र गावाचा गेला. हा निधी प्रथम चौदाव्या आणि नंतर पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ पासून ६० टक्के अनुदान पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवले. गावाला आपल्या गरजेनुसार वापरता येणारा वाटा त्यामुळे ४० टक्क्यांवर आला आणि संगणकाचे देणे त्यातूनच भागवावे लागले. जो पैसे देतो त्याला काम नाकारण्याचा अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याच्या खिशाला झळ नाही, अशी ही विचित्र विभागणी आहे.

तपासणीच्या यंत्रणा नाहीत, असे नव्हे. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग ग्रामपंचायतींचे हिशेब तपासतो. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्हा परिषदांना जाब विचारते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवालही येतात. परंतु ही तपासणी खर्च झाल्यानंतरची असते आणि तिचा भर ठराव, मंजुरी व प्रमाणक यांवर असतो. रस्त्याची जाडी मोजता येते. नमुना १ ते ३३ च्या नोंदी खरोखर अद्ययावत झाल्या का, दाखला वेळेत मिळाला का, यंत्र महिन्यातून किती दिवस बंद होते, हे पावतीवरून कळत नाही.

अमेरिकेच्या संघराज्य सरकारने २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञानावरील मोठ्या प्रकल्पांचा खर्च, वेळापत्रक व प्रगती संकेतस्थळावर जाहीर करण्यास प्रारंभ केला. रखडलेल्या प्रकल्पांची नावे त्यामुळे नागरिकांसमोर आली. आपल्याकडे २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा खर्च पाहता येतो, ही चांगली सुरुवात होय. पण तेथेही दिसते ती रक्कम; तिच्या मोबदल्यात काय मिळाले, ते नव्हे.

उपाय अवघड नाही. कराराच्या अटी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावाव्यात. महिन्याच्या कामाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने दिल्याखेरीज देयक अदा होऊ नये. काम अपुरे असेल तर रक्कम कापण्याचा अधिकार तिला मिळावा, आणि वर्षाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे यावा. पुरवठादार बदलला, दर वाढला, तरी हे नियम नसतील तर जुनाच प्रकार नव्या नावाने चालू राहील. संगणकीकरणाने कारभार पारदर्शक करण्याचे आश्वासन दिले होते. त्याची पहिली कसोटी संगणकावरील खर्चच आहे.