ड्युटीवरच्या डॉक्टरची डुलकी : आळस की रुग्णाची गरज?

नागझिरा (जि. गोंदिया) : नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांना जागल काय असते, हे सांगावं लागत नाही. रानडुकरांपासून धान राखायला रात्रभर बांधीवर बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी विळा हातात घेतला की डोळे मिटतात आणि बोट कापतं. रात्रपाळी केलेल्या डॉक्टरचंही तसंच होतं. फक्त तिथं चूक झाली तर भोगतो तो रुग्ण.

तरीही पहाटे दवाखान्यात डॉक्टर झोपलेला दिसला की मोबाईल बाहेर निघतो आणि व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पडतो. चोरखमारा, मंगेझरीकडून अंधारात पेशंट घेऊन आलेल्या माणसाचा राग समजण्यासारखा आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. डॉक्टर जागेवरच नसणं हा गुन्हाच. डॉक्टर हजर आहे, पेशंट नाही आणि त्यानं अर्धा तास पाठ टेकली, तर त्यात पेशंटचाच फायदा आहे.

झोप नसली की काय होतं?

सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात, असं १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. अमेरिकेत बोस्टनच्या अतिदक्षता विभागात २००४ मध्ये तपासलं, तर २४ तासांहून लांब ड्युटी करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या.

रोवणीच्या दिवसांत रात्री सर्पदंशाचा पेशंट येतो तेव्हा हे महत्त्वाचं ठरतं. रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का पाहायचं, प्रतिविष सलाईनमधून द्यायचं, त्याची रिअॅक्शन येते का यावर नजर ठेवायची, पापण्या जड पडतात का, श्वास अडतो का हे पुन्हा पुन्हा बघायचं. पेंगुळलेल्या डोळ्यांचं हे काम नाही.

डुलकीचा उपयोग किती?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये तातडीच्या विभागातल्या ४९ डॉक्टर आणि नर्सेसवर प्रयोग झाला. तो २००६ मध्ये छापून आला. ज्यांना पहाटे ३ वाजता ४० मिनिटं झोपू दिलं, त्यांचं सकाळी कामावरचं लक्ष जास्त चांगलं होतं. एक गोष्ट मात्र उलटी निघाली. उठल्या उठल्या त्यांची स्मरणशक्ती थोडी मंदावलेली होती. म्हणून उठल्यावर तोंड धुऊन, दहा-पंधरा मिनिटं जाऊ देऊनच नाजूक काम हाती घेतलेलं बरं. तेवढ्या वेळात पेशंट आलाच तर नर्स आणि डॉक्टरनं औषधाचा डोस मिळून तपासावा.

खरी अडचण दुसरीच

डुलकीनं रात्र निभते, माणसांची कमतरता भरून निघत नाही. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारण १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असं केंद्र सरकारनं १९९२ मध्येच सांगितलं होतं. तरी २४-३६ तासांच्या ड्युट्या आजही लागतात. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात लांब ड्युटीनंतर सेमिनार हॉलमध्ये विसावलेल्या डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर विश्रांतीच्या सुरक्षित खोलीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तर पाळी बदलायला माणूसच नसतो. दोन डॉक्टरांपैकी एक पद रिकामं राहिलं, की दिवसाची ओपीडी करणाराच रात्रीच्या बाळंतपणाला उभा राहतो. तिथून पेशंट तिरोड्याला किंवा गोंदियाला पाठवला, तर रस्त्यावर वेळ जातो.

गावानं काय विचारावं?

प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या हाताखाली येतं आणि तिथं रुग्ण कल्याण समिती असते. ग्रामसभेत आणि या समितीत तीन प्रश्न लेखी विचारता येतात. डॉक्टरांची दोन्ही पदं भरलेली आहेत का? रात्रीच्या ड्युटीनंतर सकाळची सुटी मिळते का? आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली आहे का?

आणि रात्री डॉक्टर झोपलेला दिसला तर आधी नर्सला सांगून त्याला उठवावं. उठला आणि पेशंट तपासला, तर व्हिडिओची गरज नाही. बोलावूनही आला नाही, तर तारीख-वेळ लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करावी.