थ्री नॉट थ्री : एका शिल्लक वस्तूचे वाचन

‘मिलिटरी डिस्पोजल’ हा शब्दप्रयोग मराठी कानाला अपरिचित नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराला नकोशा झालेल्या जीपगाड्या, तंबू, ब्लँकेटे, पाण्याच्या बाटल्या आणि जाडजूड ओव्हरकोट लिलावात निघाले, आणि हा शब्द त्या मालाबरोबर घरोघर पोचला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात अशा वस्तूंचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना युद्धाची ‘शिल्लक’ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. मात्र त्या ढिगात एक वस्तू कधीच नव्हती. ज्या वस्तूसाठी हा सारा सरंजाम उभा राहिला होता, ती रायफल आपल्याकडे बाजारात आली नाही. अमेरिकेत ती आली, आजही येते. तिचे रसिक आहेत, जाणकार आहेत, चिकित्सक आहेत. या रसिकतेचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी करावा, एवढेच नव्हे तर तिच्यापासून काही शिकावे आणि एका ठिकाणी तिच्याशी स्पष्ट मतभेद नोंदवावा, असे आम्हांला वाटते.

प्रथम हा बाजार काय आहे ते पाहू. दोन महायुद्धांत सैनिकांच्या हाती प्रामुख्याने होती ती बोल्ट-ॲक्शन रायफल. प्रत्येक फैरीनंतर खिटी हाताने उचलून मागे ओढायची, रिकामे काडतूस बाहेर पडू द्यायचे, खिटी पुढे ढकलून नवे काडतूस नळीत बसवायचे, अशी तिची रीत. पुढे स्वयंचलित शस्त्रे आली आणि या कोट्यवधी रायफली सरकारांना जड झाल्या. त्यांतील बऱ्याचशा अमेरिकेत अत्यल्प किमतीला विकल्या गेल्या. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ओस्वाल्ड याने खोट्या नावाने टपालाद्वारे एक इटालियन कार्कानो रायफल मागवली. दुर्बिणीसह तिची जाहिरातीतील किंमत १९ डॉलर ९५ सेंट होती. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलस येथे त्या रायफलीने काय केले ते जगाला ठाऊक आहे. १९६८ च्या कायद्याने अशी टपाल-विक्री आणि लष्करी शिल्लक मालाची आयात बंद केली. १९८० च्या दशकात पन्नास वर्षांहून जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरती आयातीची वाट पुन्हा मोकळी झाली. २००० च्या दशकात रशियन मोसिन-नागां रायफल शंभरेक डॉलरला मिळत असे. आज तिला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात, कारण शिल्लक संपत आली आहे.

या बाजारात आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ली-एनफील्ड, अर्थात आपली ‘थ्री नॉट थ्री’. (१८५७ च्या काडतुसांशी जोडलेली एनफील्ड ती ही नव्हे. ती तोंडाने भरायची बंदूक होती. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे लंडनजवळच्या कारखान्याचे गावनाव.) जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडामार्गे अमेरिकेत स्थिरावलेल्या संशोधकाच्या यंत्ररचनेवर १८९५ साली ती सिद्ध झाली. १९०४ मध्ये तिची आखूड आवृत्ती आली आणि १९०७ मध्ये तिसरी सुधारित आवृत्ती. पोटात दहा काडतुसे, वजन चार किलोच्या आसपास, नळीचा व्यास ०.३०३ इंच. बंगालमधील इशापूर येथे १९०४ मध्ये रायफल कारखाना स्थापन झाला आणि तेथे ती भारतीय कारागिरांच्या हातून घडू लागली. स्वातंत्र्यानंतरही घडत राहिली. १९६० च्या दशकात याच घाटावर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसांसाठी ‘टू ए वन’ नावाची नवी रायफल निघाली. इशापूरचे शिक्के असलेल्या या रायफली पुढे हजारोंच्या संख्येने अमेरिकेच्या बाजारात पोचल्या.

त्या विकत घेणारा जाणकार काय करतो? तो वाचतो. आम्ही हा शब्द रूपक म्हणून वापरत नाही. खिटी, मूळ सांगाडा, नळी, मागची नेमपट्टी, पुढची टोपी यांवर ठोकलेले क्रमांक तो एकमेकांशी ताडून पाहतो. सर्व जुळले तर रायफल ‘एकसंध’. खिटीचा क्रमांक निराळा असेल तर कोठेतरी, कोणत्या तरी शस्त्रशाळेत दोन रायफलींचे अवयव एकत्र आले आहेत. जुना क्रमांक खोडून नवा ठोकलेला असेल तर ती ‘जुळवलेली’. दस्त्याजवळच्या लोखंडावर मुकुट आणि ‘जी. आर. आय.’ ही अक्षरे असतील तर सम्राट जॉर्जचा काळ. ‘आर. एफ. आय.’ आणि अशोकस्तंभाचे सिंह असतील तर प्रजासत्ताकाचा. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू बसवलेला दिसला तर ती इशापूरची डागडुजी, लाकूड चिरू नये म्हणून केलेली. अमेरिकन आयातदाराचा बारीक शिक्का हा शेवटचा थर.

हस्तलिखितांची पाठचिकित्सा शिकवणाऱ्या कोणाही अध्यापकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. मूळ प्रत कोणती, प्रक्षेप कोणता, लेखनिकाने केलेली दुरुस्ती कोणती, बांधणी करताना दुसऱ्या पोथीची पाने कोठे मिसळली, हेच प्रश्न येथेही आहेत. फरक इतकाच की आमच्या क्षेत्रात चुकीच्या निर्णयाने फार तर एखादा शोधनिबंध बाद होतो. रायफलीत परकी खिटी नीट बसली नसेल तर काडतुसाचे बूड फुटून चेहऱ्यावर येते. म्हणून जुनी रायफल झाडण्यापूर्वी खिटी आणि नळी यांमधले अंतर मापकाने तपासून घेणे हा पहिला नियम. अचूकतेची अशी सक्ती आमच्या संशोधनाला असती तर विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील प्रबंधांची जाडी पुष्कळ कमी झाली असती, असे खेदाने म्हणावे लागते.

वाचनानंतर प्रयोग. आमच्यापैकी एकाचे बंदुकीचे ज्ञान एन.सी.सी.तील ‘पॉइंट टू-टू’पर्यंतच मर्यादित आहे. दोघांना मात्र काही वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांबरोबर गोळीबाराच्या मैदानावर जाण्याचा योग आला. आम्ही स्वतः झाडली नाही. पाहुण्याला तेथील कायद्याने ते सहज शक्यही नाही. कानांवर संरक्षक चढवून आम्ही मागे उभे राहिलो. त्यांच्या हातात १९४० च्या दशकातील इशापूरची रायफल होती. या रायफलीचा खटका खिटी पुढे ढकलताना ताणला जातो, मागे ओढताना नव्हे, त्यामुळे खिटीची चाल हलकी आणि जलद होते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश सैनिकाकडून ३०० यार्डांवरच्या लक्ष्यावर एका मिनिटात पंधरा नेमके बार काढण्याची अपेक्षा असे, ती याच रचनेच्या बळावर. आमच्या यजमानांनी चार-पाच फैरी सावकाश झाडल्या आणि खांदा चोळत बसले. चित्रपटातला नायक ज्या सहजतेने रायफल एका हाताने उडवतो त्या सहजतेचा येथे मागमूस नव्हता. प्रत्येक बाराबरोबर जमिनीतून एक धक्का आमच्या पायांपर्यंत येत होता.

घरी परतल्यावर त्यांनी केलेले काम आम्हांला अधिक बोलके वाटले. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील रसायनाचे जळून मीठ होते. ते नळीत राहते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि पोलाद खाते. नुसत्या तेलाने ते जात नाही. त्याला गरम पाणीच लागते. म्हणून न्हाणीघरात नळीतून किटलीभर पाणी ओतून, चिंध्यांनी ती कोरडी करून, मग तेल. झाडण्याला दहा मिनिटे आणि धुण्याला तास. साहित्यात बंदुका पुष्कळ आहेत. पण त्या धुणारा माणूस आम्हांला क्वचितच भेटला आहे.

येथवर आम्ही या छंदाच्या बाजूने आहोत. मतभेद पुढे आहे. हे संग्राहक एक वाक्य फार आवडीने उच्चारतात : इतिहास हातात धरता येतो. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. हातात येतो तो वस्तूचा इतिहास. ती कोठे घडली, कधी दुरुस्त झाली, कोणत्या भांडारात पडून राहिली हे शिक्क्यांवरून कळते. पण शिक्क्यांची ही नोंदवही नळीच्या तोंडाशी संपते. तिच्यापलीकडे काय घडले याची एकही खूण रायफलीवर उरत नाही. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरच्या पन्नास शिपायांनी १,६५० फैरी झाडल्या. त्या थ्री नॉट थ्रीच्याच होत्या. तो आकडा आपल्याला माहीत आहे, कारण दारूगोळ्याचा हिशेब ठेवला गेला. मेलेल्यांचा आकडा मात्र आजही वादाचा विषय आहे. काडतुसांची मोजदाद नेमकी आणि माणसांची अंदाजे, हे केवळ त्या एका दिवसाचे नव्हे, तर शस्त्राच्या अभिलेखाचेच लक्षण आहे. त्या पन्नासांपैकी एखादी रायफल आज कोणाच्या दिवाणखान्यात असेलही. तिचे क्रमांक जुळत असतील, लाकूड उत्तम असेल, आणि तिच्यावर अमृतसरचे नावही नसेल. संहितेची चिकित्सा करून ज्याच्यासाठी ती लिहिली गेली त्या वाचकाचा विचारच न करणारा समीक्षक जसा अपुरा, तसाच नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण होते हे न विचारणारा संग्राहकही अपुरा.

यावर उलट बाजूने म्हटले जाईल की मग अशा वस्तूचे कौतुक तरी कशाला? ती वितळवून टाकावी. ही भूमिका सोज्ज्वळ असली तरी आम्हांला मान्य नाही, कारण तीही वाचन टाळते. याच घराण्यातील रायफली घेऊन सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत मराठा लाइट इन्फंट्री लढली तेव्हाही ती होती. १९६२ मध्ये हिमालयात आपल्या जवानांच्या हाती प्रामुख्याने हीच होती, आणि समोर स्वयंचलित शस्त्रे होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ च्या समोर पोलिसांकडे हीच होती. एकच वस्तू एका ठिकाणी साम्राज्याचा हात, दुसऱ्या ठिकाणी साम्राज्याच्या चाकरीत गेलेल्या शेतकऱ्याच्या पोराचे ओझे, तिसऱ्या ठिकाणी प्रजासत्ताकाची अपुरी तयारी. तिला एक अर्थ चिकटवून मोकळे होणे हे आळसाचे लक्षण होय.

आता आपल्याकडे वळू. भारतात थ्री नॉट थ्री सर्वसामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे. लष्कराच्या काडतुसांशी जुळणारे शस्त्र रयतेकडे नको, हे धोरण ब्रिटिशांचे. म्हणूनच परवान्यावर मिळणारी रायफल ०.३१५ व्यासाची निघाली, रचना तीच, काडतूस निराळे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानंतरही हा भेद टिकून आहे. परिणाम असा की इशापूरच्या कामगाराने घडवलेली रायफल टेक्सासमधला गृहस्थ विकत घेऊ शकतो, त्या कामगाराचा नातू नाही. हा कायदा सैल करावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. घरोघर शस्त्र म्हणजे काय याचे दाखले त्याच अमेरिकेत रोज मिळतात. पण वस्तू घरी नसली म्हणून तिचे ज्ञानही नसावे, असा काही नियम नाही.

आणि नेमके तेच हातचे निसटते आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात या रायफलीला निरोप दिला. इतर राज्यांतही ती गेली किंवा जाते आहे. तिच्याबरोबर ती सांभाळणाऱ्या आरमोरर हवालदारांची एक पिढी निवृत्त झाली. खिटीला, खटक्याला, नेमपट्टीला, नळी पुसण्याच्या दोरीला त्यांच्या बोलण्यात कोणते शब्द होते? थंडीत पहाऱ्यावर तिचे ओझे त्यांनी कसे पेलले? ती माणसावर रोखण्याची वेळ आली तेव्हा काय वाटले, आणि नंतर ते कोणाला सांगितले का? हे आमच्या कोशांत नाही, आत्मचरित्रांत तुरळक आहे, कादंबऱ्यांत जवळजवळ नाहीच. तेथे कोणतीही बंदूक नुसतीच ‘कडाडते’.

मराठी विभागांत दरवर्षी प्रकल्पांचे विषय शोधताना दमछाक होते, हा सर्वांचा अनुभव आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांत सैनिकी परंपरेची गावे आहेत, प्रत्येक तालुक्याला निवृत्त पोलीस आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे. अमेरिकेतला संग्राहक लोखंडावरचे क्रमांक टिपून घेतो, आपण माणसांकडचे शब्द टिपून घ्यावेत. नळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही टोकांचे. रायफली तेल लावून आणखी शंभर वर्षे टिकतील. ही माणसे नाही टिकणार.