दोन लशींचं 'कॉम्बो' जमेल का?

मलेरियावर एक नाही, दोन लशी आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? जागतिक आरोग्य संघटनेने 'आरटीएसएस'ची शिफारस 2021मध्ये केली आणि 'आर-21'ची 2023मध्ये. ही दुसरी ऑक्सफर्डची, पण बनते पुण्यात, सीरममध्ये. तरी 2023 या एका वर्षात मलेरियाने जवळपास सहा लाख बळी घेतले. त्यात बहुसंख्य आफ्रिकेतली लहान मुलं.

गोची अशी, की दोन्ही लशी एकाच दारावर पहारा देतात. डास चावला की परजीवी तासाभरात यकृत गाठतो. तेवढ्यात अँटिबॉडींनी त्याला पकडलं तर ठीक. एखादा जरी निसटला, तरी यकृताच्या पेशीत शिरून हजारोंनी वाढतो. तिथे अँटिबॉडी पोचत नाहीत, टी-पेशी लागतात. मग टी-पेशींना जागं करणारी वेगळ्या जातीची लसही सोबत द्यायची, असा विचार पुढे आला. ती चिंपांझीच्या निरुपद्रवी केलेल्या अ‍ॅडिनोव्हायरसवर बेतलेली. कोव्हिशील्ड याच घराण्यातली.

2016मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. स्वयंसेवकांना मलेरियाचे डास मुद्दाम चाववले होते (हो, यासाठीही लोक तयार होतात!). नुसत्या आरटीएसएसने 16पैकी 12 जण वाचले, कॉम्बोने 17पैकी 14. फरक इतका थोडा, की टाळ्या वाजवायची घाई नको. या वेळी दोन्ही लशींत दोन-दोन आठवड्यांचं अंतर होतं. 2018च्या अभ्यासात त्या एकाच दिवशी टोचल्या, तर गणितच उलटलं. नुसत्या आरटीएसएसने 8पैकी 6 वाचले, कॉम्बोने 10पैकी 6. अँटिबॉडीही घटल्या आणि टी-पेशीही!

म्हणजे अंतर ठेवा, झालं? प्रयोगशाळेत ठीक आहे. पण आर-21चेच चार डोस आहेत. बाळाला कडेवर घेऊन दवाखाना गाठणाऱ्या आईला आणखी दोन-तीन खेपा घालायला लावणं म्हणजे अर्धवट लसीकरणाला आमंत्रणच.

म्हणून मला 'आरएच-5'ची वाट जास्त व्यवहार्य वाटते. परजीवी यकृतातून सुटून रक्तात आला, की ही लस त्याला तांबड्या पेशीत शिरू देत नाही. बुर्किना फासोतल्या चिमुकल्यांमध्ये ती एकटीच सुमारे 55 टक्के परिणामकारक ठरली. शिवाय आर-21मधलं प्रतिकारशक्ती वाढवणारं 'मॅट्रिक्स-एम' हिच्यातही आहे. या दोघी एकाच खेपेत, एकमेकींचा जोर न घटवता देता येतात का, हे आता बघायचं.