सहाव्या माणसाची जागा

घरात उंची वस्तू आली, की तिच्यापायी काय गेले याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. ऑस्ट्रेलियातील ‘होल्डन प्रीमियर’ मोटारीची हकीकत वाचताना आम्हांस हे प्रकर्षाने जाणवले. खोगिरे करणाऱ्या अ‍ॅडलेडच्या या पेढीने पुढे जनरल मोटर्सच्या छत्राखाली १९४८ साली साधी, दणकट कौटुंबिक मोटार काढली. बाकासारखी सलग आसने. तिघे पुढे, तिघे मागे. १९६२ मध्ये तिचीच थोरली बहीण शोभणारी प्रीमियर आली. झळाळता रंग, कातडी आसने, गालिचा, हीटर, आपोआप बदलणारे गिअर! पुढे मात्र दोनच सुटी आसने. १९६३ मध्ये इंजिन अधिक जोमदार झाले. पण १९६८ साली ‘ब्रूहॅम’ने आणि १९७१ साली ‘स्टेट्समन’ने तिचा मान हिरावला. १९८० साली प्रीमियर थांबली, तर २०१७ साली होल्डनचे ऑस्ट्रेलियातील उत्पादनच थांबले.

सुखसोयींस आमचा विरोध नाही. परंतु त्या ऐटदार गाडीत घरातले सहावे माणूस, बहुधा आजीच, कोठे बसले असेल? नवी वस्तू घेताना वाचकांनी आधी घरातील माणसे मोजावीत, एवढीच आमची विनंती.